टाकणखाराची कसोटी

२९ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गावरच्या एका जोडऔषधाला मंजुरी दिली. जोडीतले एक नाव डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचे होते, मेरोपेनेम. दुसरे नवे होते, वॅबोरबॅक्टम. त्या नावातला ‘बोर’ बोरॉनचा. हे दुसरे द्रव्य एकटेच जिवाणूंवर टाकले, तर जिवाणू मरत नाहीत आणि त्यांची वाढही अडत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही प्रयोगशाळेने त्याला पहिल्याच दिवशी निकामी ठरवून बाजूला काढले असते. तरीही रोगजंतूंशी लढणाऱ्या बोरॉनच्या संयुगांपैकी सर्वांत यशस्वी ठरलेल्यांत त्याची गणना करावी लागते. या विसंगतीचा उलगडा करायचा, तर दीडशे वर्षे मागे जावे लागते. बोरॉनची संयुगे रोगजंतूंवर तपासून पाहण्याचे काम तेव्हापासून चालू आहे. एवढ्या काळात बोरॉनचा अणू होता तसाच राहिला. बदलत गेला तो त्याला विचारलेला प्रश्न. हे सडणे थांबवते का, हे जंतू मारते का, हे माणसाला सोसते का, हे नेमके कुठे जाऊन बसते, असे एकामागून एक प्रश्न विचारले गेले आणि दर वेळी त्याच अणूबद्दलचा निकाल फिरला. पदार्थाचा गुण पदार्थातच असतो, पण आपल्याला तो दिसतो तो आपल्या कसोटीपुरता. बोरॉनच्या या इतिहासाइतके त्याचे स्वच्छ उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

या घराण्याचा मूळपुरुष आपल्या ओळखीचा आहे. सोनार दागिन्याचा सांधा जोडताना टाकणखार लावतो. तापल्यावर तो वितळतो, धातूवर चढलेला ऑक्साइडचा थर विरघळवतो आणि सांधा स्वच्छ धरतो. वैद्य हाच खार तव्यावर टाकतात. खड्यातले पाणी निघून जाते, खडा तडतडत फुलतो आणि त्याची पांढरी, हलकी लाही होते. ती मधात खलून तोंड आलेल्या जागी लावण्याचा उपाय घरोघरी माहीत होता. संस्कृतात याला टंकण म्हणतात. तिबेट आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठचा हा खार मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवरून डोंगर उतरत असे, आणि युरोपच्या बाजारात कच्च्या टाकणखाराला जे ‘टिंकल’ म्हणत, त्या शब्दात आपल्या टंकणाचाच आवाज ऐकू येतो. १७०२ मध्ये विल्हेल्म होम्बर्ग याने पॅरिसमध्ये टाकणखार आणि हिराकस यांच्यापासून एक नवा क्षार काढला आणि तो मज्जातंतूंना शांत करतो असे समजून त्याला ‘शामक क्षार’ म्हटले. तो शामक नव्हता. ते बोरिक आम्ल होते. बोरॉन हे मूलद्रव्य वेगळे झाले ते १८०८ मध्ये, पॅरिसला गे-लुसाक व थेनार यांच्या हातून आणि लंडनला हम्फ्री डेव्हीच्या हातून. तोवर जिवाणू रोग पसरवतात ही कल्पनाच वैद्यकात रुजलेली नव्हती. त्यामुळे तोंडाच्या चट्ट्यांवर गुण देणारा हा पदार्थ नेमका कशावर काम करतो, हा प्रश्न विचारायला कोणाला जागाच नव्हती.

तो प्रश्न पहिल्यांदा ऐरणीवर आला जोसेफ लिस्टरमुळे. ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात त्याने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या उघड्या जखमेवर कार्बोलिक आम्ल वापरले आणि जखम न सडता भरली. शस्त्रक्रियेचा इतिहास तिथून वळला, हे सर्वज्ञात आहे. पण कार्बोलिक आम्ल कातडी जाळते, हातांना भेगा पाडते आणि उडूनही जाते. म्हणून १८७० च्या दशकात लिस्टरने वरवरच्या जखमा, जुनाट व्रण आणि नव्याने लावलेली त्वचा यांच्यासाठी बोरिक आम्लाकडे मोर्चा वळवला. ही पट्टी ज्या रीतीने तयार होई, ती जवळून पाहण्यासारखी आहे. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात बोरिक आम्ल जेमतेम ५ ग्रॅम विरघळते. उकळत्या पाण्यात त्याच्या पाचपटीहून अधिक. या कढत, संपृक्त द्रावणात मऊ सुती लिंट बुडवायची आणि वाळत ठेवायची. पाणी निवत गेले की कापडाच्या धाग्याधाग्यात मोत्यासारखे चमकणारे पापुद्रे धरतात. जखमेतला ओलावा त्यांना लागतो तसे ते थोडेथोडे विरघळतात, आणि औषध एकदम न ओतता दिवसभर पाझरत राहते. पुढे ही लिंट चटकन ओळखू यावी म्हणून गुलाबी रंगवली जाई. लिस्टरची कसोटी नाकाची आणि डोळ्यांची होती. जखमेला घाण येते का, पू धरतो का, कडा लाल होतात का, एवढेच तो पाहत होता. या कसोटीवर बोरिक आम्ल उत्तम उतरले, कारण ते सडणे रोखत होते आणि मांसाला झोंबत नव्हते. ते जंतू मारते की नुसते थोपवते, हा भेद नाकाडोळ्यांना कळणारा नव्हता.

तो भेद कागदावर आणला रॉबर्ट कॉखने. १८८१ मध्ये बर्लिनच्या शाही आरोग्य कार्यालयातून त्याने निर्जंतुकीकरणावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. काळपुळीच्या जिवाणूंचे चिवट बीजाणू रेशमाच्या धाग्यांवर वाळवायचे, धागे तपासायच्या द्रावणात ठरावीक वेळ बुडवायचे आणि मग पोषक जिलेटिनवर ठेवून वाढ होते का ते पाहायचे, अशी त्याची पद्धत. सत्तरच्या आसपास रसायने त्याने या धाग्यांवर तपासली. वाढ थांबवणे वेगळे आणि जीव घेणे वेगळे, हे त्याने ठणकावून सांगितले, आणि लिस्टरचे लाडके कार्बोलिकसुद्धा बीजाणूंपुढे तोकडे पडते हे दाखवले. वर आले ते पाऱ्याचे क्लोराइड. या नव्या मोजपट्टीवर बोरिक आम्लाची जागा खालच्या पायरीवर ठरली: वाढ रोखणारे, मारण्यात कमकुवत. तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत त्याला ‘सौम्य जंतुनाशक’ हे विशेषण जे चिकटले, ते आजवर सुटलेले नाही. मात्र कॉखची कसोटीही निर्दोष नव्हती. १८८९ मध्ये गेपर्ट याने दाखवून दिले की धाग्यांना चिकटून राहिलेला पारा जिलेटिनवरही वाढ दाबून धरतो. तो रासायनिक रीतीने काढून टाकला की ‘मेलेले’ बीजाणू पुन्हा उगवतात. म्हणजे सर्वोत्तम ठरलेल्या औषधाचे यश काही अंशी चाचणीच्याच पोटातले होते. ज्या मापाने आपण पदार्थ मोजतो ते मापही तपासून घ्यावे लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दरम्यान बोरिक आम्ल दवाखान्यातून स्वयंपाकघरात शिरले होते. दूध, लोणी, मांस, मासे टिकावेत म्हणून युरोप-अमेरिकेतले व्यापारी ते आणि टाकणखार सर्रास वापरत. जे जखम सडू देत नाही ते मांसही सडू देणार नाही, हा तर्क सरळ होता. त्याला मोठे आव्हान दिले अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी. १९०२ च्या अखेरीस त्यांनी वॉशिंग्टनमध्ये आपल्या कार्यालयाच्या तळघरात एक खानावळ सुरू केली. १२ तरुण स्वयंसेवक तिथे रोज मोजून मापून जेवत. जेवण उत्तम असे आणि त्यात टाकणखार मिसळलेला असे. सुरुवातीला तो लोण्यात लपवला होता. मुलांच्या ते लक्षात आले आणि त्यांनी लोणी टाकायला सुरुवात केली. मग तो दुधात, मांसात, कॉफीत घालून पाहिला, आणि शेवटी लपवाछपवी सोडून कॅप्सूलमधून उघडपणे दिला. वृत्तपत्रांनी या मंडळींना ‘विषपथक’ असे नाव दिले. डोके जड होणे, भूक मंदावणे, पोट दुखणे अशा तक्रारींची नोंद असलेला अहवाल १९०४ मध्ये निघाला आणि १९०६ च्या अन्न व औषध कायद्यामागच्या जनमतात या पथकाचा मोठा वाटा होता. शास्त्र म्हणून या प्रयोगात उणिवा होत्या. तुलनेसाठी टाकणखार न खाणारा वेगळा गट नव्हता. पण प्रश्न नवा आणि मोलाचा होता. पदार्थ जंतूला काय करतो एवढे विचारून भागत नाही; तो माणसाच्या पोटात रोज गेला तर माणसाला काय करतो, हेही विचारावे लागते.

हाच प्रश्न पहिल्या महायुद्धात जखमांच्या बाबतीत विचारला गेला. फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने काचेच्या परीक्षानळीला तापवून आतबाहेर टोकदार फाटे काढले आणि फाटलेल्या जखमेची प्रतिकृती बनवली. नळीत जंतूंनी दूषित द्रव भरला, तो ओतून जंतुनाशक भरले, तेही ओतले आणि स्वच्छ द्रव घातला. फाट्यांच्या टोकांत दडलेले जंतू पुन्हा वाढले. शिवाय जंतू मरण्याआधीच रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतुनाशकांना बळी पडतात, हेही त्याने दाखवले. बोरिक आम्लाने मात्र आपली जागा सोडली नाही. १९१५ मध्ये एडिंबरोत तयार झालेले युसोल हे जखमा धुण्याचे द्रावण ब्लीचिंग पावडर आणि बोरिक आम्ल यांचेच होते, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांतही ते पुढे अनेक दशके वापरात राहिले. घरी बोरिकच्या कोमट पाण्याने डोळे शेकणे आणि तान्ह्या मुलाच्या मांड्यांवर बोरिक पावडर लावणे ही काळजीची खूणच झाली होती. त्या काळजीतूनच अनर्थ घडला. अखंड कातडीतून बोरिक आम्ल फारसे आत जात नाही, पण सोललेल्या, पुरळ उठलेल्या त्वचेतून ते सहज शोषले जाते, आणि शरीरातून बाहेर पडायला वेळ लागत असल्याने पुन्हा पुन्हा लावल्यास साठत जाते. १९५३ मध्ये मॉन्ट्रियलच्या दोन बालरोगतज्ज्ञांनी जगभरच्या वैद्यकीय नोंदींतून अशा विषबाधेची शंभराहून अधिक प्रकरणे गोळा केली. त्यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले होते आणि सर्वाधिक हानी एक वर्षाच्या आतल्या मुलांची झाली होती. सौम्य म्हणून ज्यावर विश्वास टाकला ते सौम्य होते जंतूंच्या बाबतीत. अर्भकाच्या बाबतीत नव्हते. तोवर पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन आले होते, आणि बोरॉनचे प्रकरण मिटले असे समजायला सबळ कारण होते.

ते मिटले नव्हते, याची पहिली साक्ष जिवाणूंनीच दिली. १९६७ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टच्या मातीतून मिळालेल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून एक प्रतिजैविक वेगळे केले. त्याच्या रेणूच्या मध्यभागी बोरॉनचा एक अणू, चारही बाजूंनी ऑक्सिजनने धरलेला, बसला होता. त्याला बोरोमायसिन हे नाव मिळाले. निसर्गात सापडलेले बोरॉनयुक्त असे हे पहिले सेंद्रिय संयुग. पुढे जपानच्या सागामी उपसागराच्या चिखलातल्या जिवाणूपासून अ‍ॅप्लाझ्मोमायसिन मिळाले, तेही याच घडणीचे. २००२ मध्ये तर याहून नवलाची गोष्ट उजेडात आली. जिवाणू आपली संख्या किती झाली हे एकमेकांना रासायनिक निरोपांनी कळवतात आणि पुरेसे जमल्यावरच एकजुटीने काही कामे सुरू करतात. प्रिन्स्टन विद्यापीठात बॉनी बॅसलर आणि फ्रेडरिक ह्यूसन यांच्या गटांनी व्हिब्रिओ हार्वेयी या सागरी जिवाणूच्या अशाच एका निरोपाच्या रेणूची त्याच्या ग्राहक प्रथिनात बसलेली रचना क्ष-किरणांनी टिपली, आणि त्या रेणूतही बोरॉन निघाले. या सगळ्या उदाहरणांत बोरॉन एकच काम करते आहे. शेजारी शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना ते चिमटीत धरते. ज्याला आपण दुबळे विष म्हणून मोजत होतो, त्याचा खरा गुण धरण्याचा होता.

या पकडीचे कारण अणूच्या घडणीत आहे. कार्बनला चार हात. शेजारच्या बोरॉनला साधारणपणे तीन. तीन बंध करून झाले तरी बोरॉनजवळ एक जागा रिकामी राहते, आणि इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन कोणी जवळ आले की ते चौथा बंध जोडते. सपाट त्रिकोणी रेणू तेव्हा चार टोकांचा होतो. हा चौथा बंध पुन्हा सुटूही शकतो. आता जिवाणूंच्या बाजूचे चित्र पाहू. १९४० च्या डिसेंबरात, पेनिसिलिन पहिल्या रुग्णाला टोचले जाण्यापूर्वीच, ऑक्सफर्डच्या एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिन मोडून टाकणारा जिवाणूंचा एन्झाइम नोंदवला होता. असे एन्झाइम पुढे शेकड्यांनी सापडले. त्यांना बीटा-लॅक्टमेज म्हणतात. त्यांतल्या मोठ्या कुळात सेरीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन पेनिसिलिनच्या कड्यावर हल्ला चढवतो. हल्ल्याच्या क्षणी कड्यातला कार्बन निमिषभर चार टोकांचा होतो, कडे फुटते, पाण्याचा रेणू उरलेला तुकडा सोडवतो आणि एन्झाइम पुढच्या रेणूला मोकळा होतो. त्या सेरीनसमोर बोरॉन ठेवले तर? सेरीन त्यालाही धरते, बोरॉन चार टोकांचे होते, म्हणजे अगदी त्या निमिषभराच्या अवस्थेचे रूप घेते. पण पुढे फुटायला काहीच नसते. एन्झाइम आपल्याच कृतीच्या मधल्या पायरीवर अडकून बसतो. १९७० च्या सुमारास प्रथिने पचवणाऱ्या एन्झाइमांवर हे दिसून आले होते. १९७८ मध्ये कीनर आणि वेली यांनी बॅसिलस सिरियसच्या पेनिसिलिन मोडणाऱ्या एन्झाइमवर ते दाखवले.

इथे एक रास्त आक्षेप येतो. लिस्टरची बोरिक पावडर आणि २०१७ चे वॅबोरबॅक्टम यांच्यात अणूखेरीज समान काय? एकाच मूलद्रव्याच्या नावाखाली दोन असंबद्ध गोष्टींची मोट बांधून इतिहास म्हणायचे, हे कितपत योग्य? आक्षेप बिनबुडाचा नाही; कार्बन सगळ्याच औषधांत असतो म्हणून सगळ्यांचा इतिहास एक होत नाही. पण कीनर आणि वेली यांच्या निबंधातच त्याचे उत्तर आहे. त्यांनी तपासलेल्या रोधकांत फेनिलबोरॉनिक आम्लाच्या जोडीला साधे बोरिक आम्लही होते, आणि तेही एन्झाइमला अडवत होते, कमी ताकदीने पण त्याच रीतीने. म्हणजे धाग्यांच्या चाचणीत जे कमकुवत ठरले त्याच पदार्थात नव्या औषधाचे बीज होते. जवळजवळ शंभर वर्षे ते कपाटात होते आणि कोणाला दिसले नाही, कारण जिवाणू मेला की जगला एवढेच पाहणाऱ्या चाचणीला ते दिसणे शक्यच नव्हते. नव्या चाचणीत जिवाणू असलाच पाहिजे असेही नाही. नायट्रोसेफिन नावाचे एक पिवळे द्रव्य आहे. बीटा-लॅक्टमेजने त्याचे कडे फोडले की ते लाल होते. ताटलीच्या छोट्या खळग्यांत एन्झाइम घ्यायचा, ओळीने कमी कमी होत जाणाऱ्या प्रमाणात बोरॉनचे संयुग घालायचे आणि वर नायट्रोसेफिन टाकायचे. ज्या खळग्यापर्यंत पिवळा रंग टिकतो, तिथपर्यंत बोरॉनची पकड आहे.

या पकडीतून औषध घडायला आणखी चार दशके लागली, आणि त्याला परिस्थितीचा रेटाही लागला. एन्झाइमला अडवणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १९८१ पासून बाजारात होते आणि ते पुरेसे वाटत होते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात घेतलेल्या एका नमुन्यातल्या क्लेब्सिएला न्यूमोनी जिवाणूत केपीसी नावाचा नवा एन्झाइम सापडला; २००१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम वर्गाची प्रतिजैविकेही (मेरोपेनेम याच वर्गातले) हा एन्झाइम मोडत होता आणि जुन्या रोधकांना तो दाद देत नव्हता. सॅन डिएगोच्या रेमपेक्स कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी बोरॉनला एका कड्यात बसवून वॅबोरबॅक्टम घडवले. ५५० रुग्णांच्या चाचणीत मेरोपेनेमसह ते प्रचलित उपचाराच्या तोडीचे, किंबहुना थोडे सरस ठरले. दुसऱ्या एका चाचणीत, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या ४७ रुग्णांत, नव्या जोडीने उपचाराअखेर ३२ पैकी २१ जण बरे झाले, तर त्या वेळच्या उपलब्ध उपचारांनी १५ पैकी ५. आकडे लहान आहेत आणि त्यांवरून मोठे दावे करू नयेत. पण रचना ध्यानात घ्यावी: दर ८ तासांनी २ ग्रॅम मेरोपेनेम मारण्यासाठी आणि २ ग्रॅम वॅबोरबॅक्टम मारणाऱ्याची वाट मोकळी ठेवण्यासाठी.

दुसरा आक्षेप विषारीपणाचा. ज्या मूलद्रव्याच्या संयुगाने अर्भके दगावली ते पुन्हा शिरेतून का द्यावे? औषधशोधाच्या जगात ही धास्ती बराच काळ होती आणि तिला इतिहासाचा आधार होता. पण १९५३ च्या त्या नोंदी नीट वाचल्या तर दोष कुठे होता ते दिसते. उघड्या त्वचेवर, न मोजता, दिवसातून अनेकदा, आणि पुष्कळदा पाणी किंवा दुसरी पावडर समजून चुकीने हा पदार्थ दिला गेला होता. मात्रेचे भान सुटले की मीठही घातक ठरते. २००३ मध्ये बोर्टेझोमिब हे बोरॉनयुक्त औषध मायलोमा या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याचे दुष्परिणाम आहेत, पण मोजूनमापून दिलेले बोरॉन माणसाच्या औषधात बसू शकते, हे त्याने सिद्ध केले. म्हणून विषबाधेचा इतिहास विसरावा असे मात्र नाही. त्या मुलांच्या मृत्यूंनी शिकवले की ‘सौम्य’ हे विशेषण कोणाच्या बाजूने लावले आहे हे आधी विचारावे. आजच्या औषधचाचण्यांत निरोगी माणसांवर वाढती मात्रा देऊन रक्त-लघवी तपासण्याचा जो पहिला टप्पा असतो, तो अशाच चुकांतून आलेल्या शहाणपणाचा भाग आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: जिवाणू यावरही वाट काढतील. काढलीच आहे. कॅलिफोर्नियाच्या अनाकोर कंपनीने बोरॉनची आणखी एक पकड शोधली होती. प्रथिने बांधताना ल्युसीन हे अमिनो आम्ल वाहक आरएनएवर चढवणाऱ्या एन्झाइमला एक चूक सुधारण्याचा कोपरा असतो. बोरॉन त्या कोपऱ्यात वाहकाच्या शेवटच्या शर्करेचे दोन हायड्रॉक्सिल धरून बसते आणि सारे काम थांबते. बुरशीवर हा मार्ग यशस्वी झाला. नखांच्या बुरशीवरचे टॅव्हाबोरोल २०१४ मध्ये मंजूर झाले. जिवाणूंसाठी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने हाती घेतलेले याच धर्तीचे संयुग परीक्षानळीत उत्तम होते. पण मूत्रसंसर्गाच्या रुग्णांवरच्या चाचणीत १४ पैकी ३ जणांत उपचार चालू असतानाच जिवाणू प्रतिरोधक झाले आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. परीक्षानळीत जे चिवट दिसते ते माणसाच्या शरीरात, अब्जावधी जिवाणूंच्या गर्दीत, एका उत्परिवर्तनाने ढासळू शकते. या अपयशाचा अर्थ बोरॉन निरुपयोगी असा होत नाही. एकाच एन्झाइमवर एकट्याने लढणारे औषध कोणत्याही अणूचे असले तरी असेच फसू शकते. १९४० च्या दशकात क्षयावर एकटे दिलेले स्ट्रेप्टोमायसिन असेच फसले आणि त्यातूनच अनेक औषधे एकत्र देण्याची रीत आली. त्याच रीतीच्या आधाराने या घराण्यातले गॅन्फेबोरोल आता क्षयाच्या जिवाणूवर तपासले जात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ७५ जणांवरच्या १४ दिवसांच्या चाचणीचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि दिवसाला काही मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेतही थुंकीतले जिवाणू घटताना दिसले. ही सुरुवात आहे, उपचार नव्हे.

आणि शेवटचा प्रश्न आपल्या दाराशी येतो. वॅबोरबॅक्टमची पकड सेरीनवर आहे. ज्या बीटा-लॅक्टमेजमध्ये सेरीनऐवजी जस्ताचे अणू काम करतात, तिथे ते निष्प्रभ ठरते. आणि भारतात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जिवाणूंत अशाच एन्झाइमाचा, एनडीएमचा (न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज), मोठा वाटा आहे. नावात दिल्ली आली म्हणून २०१० मध्ये देशभर वादंग माजले. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आपलाच पुरावा मांडला होता: २००९ मधल्या तीन महिन्यांत मिळालेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधक नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होता. नावावरून झालेल्या वादापेक्षा हा आकडा मोलाचा होता. अमेरिकेत केपीसीसाठी घडवलेले औषध या २२ नमुन्यांवर उपयोगी पडले नसते. पुढच्या पिढीतले टॅनिबोरबॅक्टम सेरीन आणि जस्त, दोन्हींच्या एन्झाइमांना अडवते. सेफेपिमसह त्याच्या ६६१ रुग्णांवरच्या चाचणीत ७०.६ टक्के यश मिळाले, मेरोपेनेमला ५८ टक्के. हे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास अमेरिकी नियामकाने उत्पादन व तपासणीपद्धतींविषयी आणखी माहिती मागून मंजुरी रोखली. एवढ्यात एनडीएम-९ हा भाऊबंद या संयुगाला चकवतो हेही दिसले. एनडीएम-१ आणि त्याच्यात फरक एका अमिनो आम्लाचा.

म्हणूनच या इतिहासाचा निष्कर्ष ‘बोरॉन जिंकले’ असा काढता येत नाही. लिस्टरने जखमेला विचारले, कॉखने धाग्यावरच्या बीजाणूला, वायलींनी जेवणाऱ्या तरुणांना, वेलींनी एन्झाइमला. प्रत्येक प्रश्नाने आधीच्या उत्तराची मर्यादा उघड केली आणि एकही प्रश्न वाया गेला नाही. आज पुढचा प्रश्न औषधाला नसून रुग्णाच्या खाटेजवळून घेतलेल्या नमुन्याला विचारायचा आहे: या जिवाणूपाशी कोणता एन्झाइम आहे, सेरीनचा की जस्ताचा, एनडीएम-१ की ९? जगभरात २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसे मरण पावल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी नवी संयुगे हवीतच. पण जिल्ह्याजिल्ह्याच्या रुग्णालयांत हा प्रश्न विचारू शकणारी प्रयोगशाळा नसेल, तर सॅन डिएगोतून आलेले उत्तम संयुगही इथे अंदाजाने दिले जाईल, आणि अंदाजाने दिलेल्या पांढऱ्या पावडरीचे काय होते ते त्या १९५३ च्या नोंदींत लिहिलेले आहे. टाकणखार सोनाराच्या हाती सांधा जोडतो. सोन्याचा कस मात्र कसोटीच्या काळ्या दगडावर घासूनच कळतो. तो दगड प्रत्येक पेढीवर असतो. तसा तो प्रत्येक रुग्णालयात असायला हवा.